जटांना कोणते तेल? – एका लोकप्रिय सल्ल्याची चिकित्सा

केसांच्या नैसर्गिक जटा, म्हणजेच ज्यांना जगभर ड्रेडलॉक्स म्हणतात त्या, धुण्यासाठी व राखण्यासाठी कोणती सुगंधी तेले वापरावीत याविषयीचा सल्ला आता इतका ठरीव झाला आहे की तो पाठच करून टाकावा. कोंड्यासाठी टी ट्री, वाढीसाठी रोजमेरी, रक्ताभिसरणासाठी पुदिना, मन शांत राहावे म्हणून लव्हेंडर आणि स्वच्छतेसाठी लिंबू. बाटल्यांच्या वेष्टनांवर, सौंदर्यविषयक सदरांत आणि केशकर्तनालयांत हीच यादी थोड्याफार फरकाने ऐकू येते. यादीतील प्रत्येक ओळ विज्ञानाच्या भाषेत बोलते, आणि म्हणूनच ती विज्ञानाच्या कसोटीला लावून पाहणे हे विज्ञान शिकवणाऱ्यांचे काम ठरते.

हा विषय आपल्या शाळांपासून दूरचा आहे असे वाटेल, परंतु तसे नाही. एक तर केस, तेल, साबण आणि पाणी यांचे सारे रसायनशास्त्र आपल्याच पाठ्यपुस्तकात आहे. दुसरे असे की, केसांचा गुंता होणे ही घटना महाराष्ट्रात ‘जट’ या नावाने ओळखली जाते आणि तिने अनेक स्त्रियांच्या आयुष्याला वेगळेच वळण दिले आहे. त्याचा विचार शेवटी करू. आधी सल्ला तपासू.

जट बनते कशी?

डोक्यावरचा एक केस घ्या. अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत तो धरून बोटे केसाच्या लांबीच्या दिशेने मागेपुढे चोळा. केस एकाच दिशेने सरकू लागतो, आणि पुढे जाते ते नेहमी मुळाकडचे टोक. केस उलटा धरला तर तो उलट दिशेने सरकतो. याचे कारण केसावरील खवले. घरावरच्या कौलांप्रमाणे ते एकावर एक बसलेले असून त्यांची मोकळी कड टोकाकडे असते. त्यामुळे मुळाकडून टोकाकडे बोट फिरवताना घर्षण कमी, तर उलट फिरवताना जास्त होते. असे असंख्य केस एकमेकांवर घासले गेले की ते पुढे सरकतात, पण मागे येऊ शकत नाहीत. लोकरीचा नमदा याच तत्त्वावर तयार होतो आणि जटाही.

आफ्रिकी वंशाच्या लोकांचे केस मुळातच घट्ट वळ्यांचे असतात. केसाचा छेद गोल नसून चपटा, लंबवर्तुळाकार असतो. असे केस न विंचरता वाढू दिले तर ते आपसूक एकमेकांत गुंततात. जमैकात १९३०च्या दशकात रास्ताफारी पंथाचा उदय झाला. २ नोव्हेंबर १९३० रोजी इथिओपियाच्या सम्राटपदी हेले सेलासी यांचा राज्याभिषेक झाला, त्या घटनेतून या पंथाला प्रेरणा मिळाली. जटा मात्र पंथाची खूण म्हणून रूढ झाल्या त्या पुढे, १९४० व १९५०च्या दशकांत. बायबलमधील केसांना वस्तरा न लावण्याचे व्रत, गुलामगिरीने लादलेल्या सौंदर्यकल्पनांना दिलेला नकार आणि कृत्रिम पदार्थ टाळण्याचा आग्रह या तिन्हींचा त्यात वाटा होता. ‘नैसर्गिक’ या शब्दाला या परंपरेत मोठा मान आहे, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. आजच्या बाजाराने मात्र हा शब्द उचलून त्याचा अर्थ ‘निर्धोक’ असा करून टाकला. आपला आक्षेप त्याला आहे.

जटेबाबत आणखी एक हिशेब मुलांना घालता येईल. माणसाचे रोज सुमारे ५० ते १०० केस गळतात. विंचरणाऱ्याचे ते फणीत येतात, जटाधाऱ्याचे बहुतांश जटेतच अडकून राहतात. वर्षाला हा आकडा १८ हजारांपासून ३६ हजारांपर्यंत जातो. म्हणजे जट ही जिवंत मुळांना धरून असलेल्या आणि मुळापासून सुटलेल्या केसांची मिळून झालेली दाट दोरी आहे. तिच्या आत गेलेले पाणी, साबण, तेल आणि धूळ सहजासहजी बाहेर येत नाही. धुण्याचा आणि तेलाचा सारा प्रश्न या एका गोष्टीभोवती फिरतो, आणि नेमकी हीच गोष्ट सुगंधी तेलांची यादी देणारे बहुधा सांगत नाहीत.

नावातील घोटाळा

ज्याला इंग्रजीत इसेन्शियल ऑइल म्हणतात त्याचे मराठी भाषांतर काही वेष्टनांवर ‘आवश्यक तेल’ असे केलेले आढळते. हे साफ चूक आहे. येथे इसेन्स म्हणजे वनस्पतीचा अर्क, तिचा गंध. या तेलाची केसाला कोणतीही ‘आवश्यकता’ नाही. अर्कतेल किंवा बाष्पनशील तेल हेच शब्द योग्य होत.

चुकीचा दुसरा भाग ‘तेल’ या शब्दात आहे. टिपकागदाच्या एका तुकड्यावर खोबरेल तेलाचा थेंब टाका व दुसऱ्यावर नीलगिरीच्या तेलाचा. दोन्ही ठिकाणी कागद पारदर्शक होतो. आता तुकडे वाऱ्याला ठेवा. नीलगिरीचा डाग काही वेळाने नाहीसा होतो व वर्गभर वास पसरतो. खोबरेलाचा डाग दुसऱ्या दिवशीही तसाच असतो. खोबरेल हे ग्लिसरॉल व मेदाम्ले यांचे संयुग आहे, त्याचे रेणू मोठे व जड. नीलगिरीच्या तेलात मेदाम्ले जवळजवळ नाहीतच. त्यात टर्पीन वर्गातील लहान, उडून जाणारे रेणू असतात. वाफेबरोबर ऊर्ध्वपातन करून ते मिळवतात. दोन्ही पदार्थ पाण्यात मिसळत नाहीत, एवढ्याच साम्यावर दोघांना एक नाव मिळाले.

हा फरक ध्यानात आला की सल्ल्यातील पहिला दावा गळून पडतो. ‘अमुक अर्कतेल केसांना पोषण देते व मऊ ठेवते’ असे म्हणतात. केसाचा त्वचेबाहेरचा भाग निर्जीव केराटिनचा असतो, तेव्हा पोषणाचा प्रश्नच येत नाही. राहिला मऊपणा. तो स्थिर तेलामुळे येतो, कारण ते केसावर टिकते. मुंबईतील मॅरिको कंपनीच्या प्रयोगशाळेत आरती रेळे व आर. बी. मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफूल तेल व खनिज तेल यांची तुलना केली आणि २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. तिन्हींपैकी फक्त खोबरेलाने केसांतील प्रथिनांची झीज लक्षणीयरीत्या कमी झाली. त्यातील लॉरिक आम्लाचे लहान व सरळ रेणू केसाच्या आत शिरू शकतात, हे त्याचे कारण त्यांनी दिले. खोबरेल विकणाऱ्या कंपनीनेच हा अभ्यास केला होता हे वाचकाने लक्षात ठेवावे. तरीही त्यात तुलना होती, मोजमाप होते. अर्कतेलाच्या यादीत बहुधा दोन्ही नसतात. अर्कतेलाचे चार थेंब वाटीभर खोबरेलात टाकून केस मऊ झाले तर श्रेय कोणाचे, हे विद्यार्थ्यांना विचारून पाहावे.

धुणे म्हणजे काय?

यादीतील लिंबाचे तेल ‘स्वच्छ करणारे’ म्हणून येते. लिंबाच्या सालीतील लिमोनीन हे तेलकट पदार्थ विरघळवते हे खरे. पण एक टक्का प्रमाणात, पाण्यातून, क्षणभर लावलेले लिमोनीन जटेच्या आतला मेद काढू शकेल असे मानण्यास आधार नाही. मळ काढतो तो साबण, अपमार्जक किंवा रिठा-शिकेकाईतील सॅपोनिन. या रेणूंचे एक टोक पाण्याकडे व दुसरे मेदाकडे ओढले जाते, म्हणून मेद पाण्याबरोबर वाहून जातो. अर्कतेलाच्या रेणूला असे पाण्याकडे ओढणारे टोक नसते. ते स्वतःच पाण्यावर तरंगते.

येथे सल्ला देणाऱ्यांच्या एका गोष्टीचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. जटांसाठी अवशेष न ठेवणारा शांपू वापरा, असे ते बहुधा सांगतात, आणि ते बरोबर आहे. दुष्फेन पाण्यात साधा साबण वापरला तर कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्याशी संयोग होऊन चिकट साका तयार होतो. मोकळ्या केसांतून तो काही अंशी निघतो, जटेत तो साचतो. विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या पाण्यात साबणाची वडी घासून हा साका वर्गात दाखवता येईल. त्याच पाण्यात थोडा शांपू टाकला की फेस होतो पण साका होत नाही.

मात्र याच्याच जोडीला खाण्याच्या सोड्याने केस धुण्याची शिफारस येते. सोड्याच्या द्रावणाचा सामू ८च्या वर असतो. डोक्याच्या त्वचेचा सामू साधारण साडेपाचच्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी. अल्कधर्मी द्रावणात केस फुगतो, खवले उचलले जातात व घर्षण वाढते. नवी जट घट्ट बसण्यास याचा उपयोग होतो, म्हणून ज्यांनी सोडा वापरला त्यांना ‘गुण आला’ असे वाटते. पण वारंवार केल्यास तोच केस ठिसूळ होऊन जट मध्येच तुटते. एका परिणामाचे कौतुक करायचे आणि त्याच कारणाने होणाऱ्या दुसऱ्या परिणामाबद्दल गप्प राहायचे, हा या सल्ल्यातील नेहमीचा दोष आहे.

चार दावे, चार प्रयोग

आता औषधी दाव्यांकडे वळू. येथे सरसकट नकार देणे अन्यायाचे होईल, कारण काही प्रयोग झालेले आहेत.

टी ट्री हे ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सच्या दलदलीत वाढणारे मेलाल्यूका जातीचे झाड. आपला चहा किंवा गवती चहा यांच्याशी त्याचा संबंध नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात कोंडा असलेल्या १२६ जणांपैकी काहींना ५ टक्के टी ट्री तेल घातलेला शांपू आणि इतरांना तेल नसलेला शांपू देण्यात आला. चार आठवड्यांनी तेलाच्या गटात कोंड्याचे प्रमाण ४१ टक्क्यांनी, तर दुसऱ्या गटात ११ टक्क्यांनी सुधारले. या तेलातील टर्पिनेन-४-ऑल हा घटक कोंड्याशी निगडित असलेल्या मालासेझिया या यीस्टची वाढ रोखतो. दावा म्हणजे निराधार नव्हे. पण प्रयोग ५ टक्क्यांच्या आणि धुऊन टाकायच्या शांपूचा होता, हे विसरता कामा नये. फवारणीच्या बाटलीत पाण्यावर पाच थेंब टाकून तोच गुण येईल असे त्यावरून सिद्ध होत नाही. शिवाय त्याच सल्ल्यात डोक्याला भरपूर खोबरेल किंवा ऑलिव्ह तेल चोळायला सांगितलेले असते. मालासेझिया स्वतःची मेदाम्ले तयार करू शकत नाही, ती बाहेरूनच घेते, आणि या तेलांतील मेदाम्ले तिला चालतात. एका हाताने यीस्ट मारायचे व दुसऱ्या हाताने त्याला जेवू घालायचे असा हा प्रकार होतो. कोंडा असेल तर तेल जटेला लावावे, त्वचेला नव्हे, एवढे एक वाक्य यादीत असायला हवे होते.

रोजमेरीचा दावा बहुधा २०१५ साली इराणमध्ये झालेल्या अभ्यासावर उभा असतो. वंशपरंपरेने येणारे टक्कल असलेल्या १०० जणांवर तो झाला. निम्म्यांना रोजमेरी तेल व निम्म्यांना २ टक्के मिनॉक्सिडिल हे औषध दिले. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत केसांची संख्या वाढली व गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. त्यावरून ‘रोजमेरी औषधाइतकेच गुणकारी’ अशी घोषणा झाली. परंतु काहीच न लावणारा तिसरा गट या अभ्यासात नव्हता. नियंत्रण गट का लागतो, हे शिकवायला यापेक्षा चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे चाई पडलेल्या ८६ रुग्णांवर झालेला व १९९८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास याहून काटेकोर होता. एका गटाने थाइम, रोजमेरी, लव्हेंडर व देवदार यांची तेले स्थिर तेलात मिसळून सात महिने रोज चोळली. दुसऱ्या गटाने नुसती स्थिर तेले चोळली. पहिल्यात ४४ टक्के व दुसऱ्यात १५ टक्के रुग्ण सुधारले. निष्कर्ष लक्ष देण्याजोगा आहे. अडचण अशी की, चाई हा शरीराच्या प्रतिकारयंत्रणेशी निगडित विकार असून तो कित्येकदा आपोआपही बरा होतो. त्यावरील प्रयोगाने सामान्य केसांची वाढ वेगाने होते असे सिद्ध होत नाही. आणखी एक सूक्ष्म अडचण : वासाच्या औषधाचे सोंग घेणारे बिनवासाचे औषध देणे कठीण, कारण रुग्णाला आपण कोणत्या गटात आहोत याचा वासावरूनच अंदाज येऊ शकतो.

पुदिन्याच्या तेलाचा बोलबाला २०१४च्या एका कोरियन अभ्यासामुळे झाला. त्यात ३ टक्के तेलाने केस जोमाने वाढले, पण ते उंदरांचे. पुदिन्याने डोक्याला गार वाटते याचे कारण मेंथॉल त्वचेतील थंडी जाणणाऱ्या चेतातंतूंना उद्दीपित करते. गार वाटले म्हणजे रक्ताभिसरण सुधारले आणि रक्ताभिसरण सुधारले म्हणजे केस वाढले, ही साखळी जोडणारी कडी यादीत कोठेच दिलेली नसते.

जे सांगितले जात नाही

जटाधाऱ्यांचे केस कपाळाच्या व कानशिलांच्या बाजूने विरळ होतात, त्याचे सर्वांत नेहमीचे कारण ताण हे आहे. ओल्या, लांब, जड जटा मुळांना सतत खाली ओढत असतात, आणि त्यात त्या घट्ट पिळून किंवा वर बांधून ठेवल्या तर हा ताण वाढतो. ताणाने केस जाण्याची नोंद १९०७ साली ग्रीनलंडमधील, केस घट्ट वर बांधणाऱ्या स्त्रियांबाबत झाली होती. प्रारंभी ताण काढला तर केस परत येतात. वर्षानुवर्षे दुर्लक्ष केल्यास मुळांच्या जागी व्रणऊतक तयार होऊन केस कायमचे जातात. अशा व्यक्तीला रोजमेरीचे तेल सुचवणे म्हणजे नुसता निरुपयोगी सल्ला देणे नव्हे. त्या सल्ल्याने जो काळ वाया जातो तोच तिचे नुकसान करतो.

लहान मुलांच्या बाबतीत हे अधिक गंभीर आहे. शालेय वयातील मुलांच्या डोक्यात बुरशीमुळे खपल्यांचे व केस तुटलेले चट्टे पडतात. ही बुरशी केसाच्या आत शिरते. तेथवर वरून लावलेले तेल वा मलम पुरेसे पोहोचत नाही, पोटात घ्यायचे बुरशीनाशक लागते. टी ट्री चोळत बसलेले मूल तोवर वर्गातील इतरांनाही ती बुरशी देत राहते. शिक्षकाच्या नजरेस असा चट्टा आला तर पालकांना डॉक्टरकडे जाण्यास सांगणे हेच योग्य.

वासाबद्दलही असेच. जाड जटा धुतल्यावर आतून वाळायला कित्येक तास लागतात. ओलसर राहिलेल्या जटेत जिवाणू व बुरशी वाढून कुबट वास येतो. हा वास म्हणजे सूचना आहे : नीट पिळा, सकाळी धुवा, उन्हावाऱ्यात पूर्ण वाळवा, ओल्या जटा बांधून झोपू नका. लव्हेंडरचा फवारा मारला की सूचना देणारा गप्प बसतो, ओल तशीच राहते. उलट फवाऱ्यातील पाण्याने तीत भरच पडते.

‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक?

अर्कतेल हे वनस्पतीतील एका भागाचे अतितीव्र रूप आहे. एक किलो गुलाबतेलासाठी हजारो किलो पाकळ्या लागतात. तेव्हा ‘गुलाब कधी कोणाला बाधला आहे काय?’ हा युक्तिवाद फोल ठरतो. दालचिनीच्या सालीच्या तेलातील सिनॅमाल्डिहाइड व लवंगेतील युजेनॉल त्वचेचा दाह करू शकतात. बर्गामॉटच्या तेलातील बर्गाप्टेन, तसेच पिळून काढलेल्या लिंबाच्या तेलातील तशीच द्रव्ये, उन्हाच्या संपर्कात आली की त्वचा भाजल्यासारखी होते. धुऊन उन्हात वाळवायच्या जटांना लिंबाचे तेल सुचवणाऱ्याने निदान एवढे तरी सांगायला हवे.

लव्हेंडरमधील लिनालूल व लिमोनीन यांचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन हायड्रोपेरॉक्साइडे तयार होतात, आणि मूळ रेणूंपेक्षा यांचीच ॲलर्जी अधिक होते. म्हणजे जुनी, अर्धी रिकामी, उन्हात ठेवलेली बाटली नव्या बाटलीपेक्षा धोक्याची. युरोपीय संघाने २००३ साली सौंदर्यप्रसाधनांवर २६ गंधद्रव्यांची नावे छापणे बंधनकारक केले. त्यांत ही दोन्ही होती. २०२३ मध्ये ही यादी ८०च्या पुढे नेण्यात आली. ही द्रव्ये निसर्गातून आली की कारखान्यातून, याला त्या नियमात काही महत्त्व नाही. त्वचेलाही नाही.

प्रमाणाचा हिशेब सोपा आहे. १ टक्का म्हणजे १०० मिलिलिटर स्थिर तेलात १ मिलिलिटर अर्कतेल. १ मिलिलिटरमध्ये ढोबळमानाने २० थेंब धरतात, म्हणजे चहाच्या चमच्याभर, ५ मिलिलिटर तेलात एक थेंब. पण थेंबाचा आकार बाटलीच्या तोंडावर व द्रवावर अवलंबून असतो. दोन वेगवेगळ्या ड्रॉपरने ५ मिलिलिटर पाण्याचे थेंब मुलांकडून मोजून घेतले की ‘दहा-बारा थेंब टाका’ या सल्ल्यातील अनिश्चितता आपोआप कळते. पाण्यात तेल मिसळतच नसल्याने फवाऱ्याच्या बाटलीत तर टक्केवारीला अर्थच राहत नाही. एखादा फवारा निव्वळ पाण्याचा, तर एखादा निव्वळ तेलाचा.

आपल्याकडे खोबरेलात कापूर घालून डोक्याला चोळण्याची चाल आहे. कापूर व नीलगिरी तेल पोटात गेल्यास लहान मुलांना झटके येऊ शकतात. या बाटल्या मुलांच्या हाती लागू देऊ नयेत, आणि तान्ह्या मुलांना ही द्रव्ये लावूच नयेत.

मग निवड करायचीच असेल तर कशी करावी? कोंड्यासाठी टी ट्री घातलेला तयार शांपू वापरून पाहण्यास हरकत नाही. इतर तेले हवी तर वासासाठी, एक टक्क्याच्या आत, ताज्या व गडद बाटलीतून, आधी कोपराच्या लवेवर लावून दोन दिवस वाट पाहून. आणि त्यांच्याविनाही जट उत्तम राहते : स्वच्छ पाणी, मोजका शांपू, भरपूर निथळणे व पूर्ण वाळवणे.

आपल्या अंगणातील जट

आता महाराष्ट्रापुरते. येथे एखाद्या स्त्रीच्या केसांत गुंता झाला की ‘देवी आली’ असे म्हणतात. फणी बंद होते, पुष्कळदा धुणेही बंद होते. जट कापली तर कोप होईल ही भीती घरात शिरते. यल्लम्माच्या नावाने मुलींना सोडण्याच्या प्रथेत जट हे देवीचे बोलावणे मानले गेले. जट निघते हे अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी अनेक स्त्रियांच्या जटा त्यांच्या संमतीने कापून दाखवले आहे. ही भीती केवळ आपलीच नव्हती. पोलंडमध्ये जट कापल्यास आजार उलटतो असा समज होता, आणि १९व्या शतकाच्या मध्यास क्राकोचे डॉक्टर यूझेफ डिएटल यांनी त्याविरुद्ध मोहीम चालवली.

जट दैवी नसते, हे वर पाहिलेल्या खवल्यांनीच स्पष्ट होते. २०१७ साली एका केशविज्ञान नियतकालिकात नोंदल्या गेलेल्या एका तरुणीच्या प्रकरणात एरंडेल व खोबरेल लावून गरम पाण्याने न्हाल्यावर एकाच वेळी सारे केस गुंतून घट्ट गोळा झाले. चिकट तेल, पाणी व घर्षण एवढी सामग्री त्याला पुरली.

परंतु येथे आपण विज्ञानवाद्यांनीही एक काळजी घ्यावी. जटेवरील अंधश्रद्धा खोडून काढताना ‘जटा म्हणजे घाण’ असे म्हणणे ही दुसरी अंधश्रद्धा आहे. स्वेच्छेने ठेवलेली, धुतलेली व वाळवलेली जट स्वच्छ असू शकते. अमेरिकेत जटा व वेण्यांवरून शाळेत व नोकरीत अन्याय होत असे, म्हणून कॅलिफोर्निया राज्याला २०१९ साली त्याविरुद्ध कायदा करावा लागला. जमैकातील तरुण आणि भीतीने जट वागवणारी आपली भगिनी यांच्या केसांतील भौतिकशास्त्र एकच आहे. फरक आहे तो निवडीचा. एकाने ती राखली आहे, दुसरीला ती काढता येत नाही.

म्हणून वर्गातील एखाद्या मुलीच्या केसांत गुंता दिसला तर तिची चेष्टा होऊ देऊ नये. चिमटीत केस सरकवण्याचा प्रयोग सर्वांकडून करून घ्यावा, आणि मग तिच्या आईला शांतपणे सांगावे की थोडे खोबरेल, बोटांनी हळूहळू मोकळे करणे आणि दाट दातांऐवजी विरळ दातांची फणी यांनी सुरुवातीचा गुंता सुटतो. नाहीच सुटला तर कात्री लावल्याने कोणाचे काही बिघडत नाही. त्यासाठी कोणत्याही महागड्या बाटलीची गरज नाही.